मागील पानावरून

आत्याबाई, तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मला माहीत आहे, तरी लिहायला बसले आहे. सकाळपासून बसते आणि उठते आहे. गेल्या रविवारी सुनेला तिच्या सोसायटीतल्या बायकांनी महिला मंडळाची खजिनदार केलं. घरी येऊन तिनं हौसेनं विचारलं, मम्मी, तुम्हीपण पूर्वी खजिनदार होता ना? मी हो म्हणाले. कशा झालात, असं तिनं विचारलं, तेव्हा गॅस बघायच्या निमित्तानं उठून आत गेले. गॅस बंदच होता. त्या दिवसापासून जेवणात लक्ष नाही, टीव्हीत नाही, चालायला जाते तर अर्ध्या रस्त्यातून परत येते. हा कागद कोणी वाचेल अशी भीती नाही. नातू हजीऱ्याला कारखान्यात जातो, गुजराती नाहीतर हिंदीतच बोलतो, मराठी अक्षर त्याला लागत नाही. सून माझी वही उघडायची नाही. तेव्हा तुम्हाला सांगून टाकावं म्हणते. तुम्हाला ते आधीच माहीत होतं की काय, हेच मला इतकी वर्षं कळलेलं नाही, आणि तेच आत वळवळत राहतं.

मी तुमची सून होऊन सुरतेत, उधन्याला आले तेव्हा तुमची खाणावळ जोरात होती. रेल्वेलाइनच्या पलीकडची चाळ, दोन खोल्या, पुढच्या खोलीत पाट मांडलेले. दिवसपाळीचे वीस आणि रातपाळीचे वीस जेवणारे, सगळे यंत्रमागांवर काम करणारे आपल्या खानदेशातले. त्यांच्या कानात मागांचा आवाज इतका बसलेला असायचा की भाकरी मागतानाही ओरडायचे. मी नववी पास आहे असं समजल्यावर तुम्ही मला चुलीपाशी बसवायच्या आधी भिंतीला टेकून बसवलंत आणि कोणाकडे किती बाकी ते सांगत गेलात. चाळीस माणसांचं सगळं तोंडपाठ. मी लिहीत होते आणि तुम्ही माझ्या पेन्सिलीकडे बघत होता, जणू ती कुठे पळून जाईल.

मंडळ निघालं ते त्यानंतर दोनेक वर्षांनी. उधन्यात खाणावळी चालवणाऱ्या पंधरा-वीस बाया, सगळ्यांचं दुखणं एकच. धान्याचा दुकानदार मापात मारायचा, जेवणारा दोन महिन्यांची बाकी ठेवून दुसऱ्या चाळीत जायचा आणि तिथल्या खाणावळीत जेवायला बसायचा, रॉकेलसाठी अर्ज केला तर पुरवठा कचेरीतला कारकून म्हणायचा, एकट्यादुकट्या बाईला देता येत नाही, संस्था असेल तर आणा. मग संस्था आणली. नंदुरबारकडची ती उंच, मोठ्या आवाजाची बाई अध्यक्ष झाली, आणि खजिनदार तुम्हीच, यावर कोणीच वाद घातला नाही. देवळाच्या ओट्यावर मी नियम वाचून दाखवत होते. ही संस्था नफ्यासाठी नाही, असं एका कलमात होतं. त्यावर एक बाई म्हणाली, नफा नाही तर मग आम्ही महिन्याला रुपया कशाला भरायचा? तुम्ही तिला समजावलंत की दुकानदार पोत्यामागे जे खातो तेवढं आपलं वाचेल, तोच तुझा नफा, आणि तो तुझ्याच चुलीवर शिजेल. त्या दिवशी पंधरा जणींनी अंगठे उठवले आणि दोघींनी सह्या केल्या. त्यातली एक मी.

घरी आल्यावर तुम्ही मला शाईचं पेन दिलंत. उधना बाजारातून स्वतः जाऊन आणलं होतंत, आणि दुकानदारानं तुम्हाला फसवलं होतं, निब वाकडं होतं. मी ते सांगितलं नाही. त्याच पेनानं मी कीर्द लिहायला लागले. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, पान भरलं की खाली बेरीज, आणि ती बेरीज पुढच्या पानाच्या डोक्यावर ‘मागील पानावरून’ असं लिहून परत मांडायची. मंडळाची पेटी आपल्याच घरात, किल्ली तुमच्या कमरेला, पण तुमचा हिशेब वेगळा होता. पत्र्याच्या डब्यात चिंचोके. दहा रुपयांना एक अख्खा, पाचाला अर्धा. पेटीत पैसे आले की डब्यात चिंचोका पडायचा, पैसे गेले की निघायचा. मला त्याचं हसू यायचं. तुमच्या समोर नाही, पण यायचं.

नवापूरहून दादर ज्वारीची पहिली पोती आली तेव्हा सगळ्या बाया बघायला जमल्या होत्या. मंडळाचा स्वतःचा काटा आला, पोस्टात खातं निघालं. सभासदांना खरेदीच्या भावात ज्वारी, वर किलोमागे दोन पैसे मंडळाला. त्या दोन पैशांतून हमाली, जागेचं भाडं, कोणाच्या घरी मयत झालं तर पंधरा रुपये. एकदा दारात भाजीवाली आली, माझ्याजवळ सुटे नव्हते, म्हणून मी मंडळाच्या पेटीतून दोन रुपये काढले. संध्याकाळी परत ठेवणारच होते. तुम्ही भाकरी थापता थापता हात थांबवलात. “हाऊ पैसा आपला नही शे,” म्हणालात. मी म्हटलं, संध्याकाळी ठेवते ना. तुम्ही नुसतं माझ्याकडे बघत राहिलात. शेवटी मी पैसे परत ठेवून शेजारणीकडून दोन रुपये उसने आणले. ती शेजारीण मला महिनाभर त्यावरून चिडवत होती. मला तुमचा राग आला होता, आणि तो बरेच दिवस टिकला. मला वाटायचं, मी वही लिहिते, मला शिकवणार कोण.

मग दुष्काळाचं वर्ष आलं. गावाकडचे लोक गाड्या भरभरून सुरतेला यायला लागले, कोणी कामाला, कोणी नुसते पोटाला. आपल्याकडे तुमच्या माहेरची सात माणसं दोन महिने राहिली. ज्वारी महागली, नंतर सूत मिळेना म्हणून निम्मे माग बंद पडले, आणि जेवणारे बाकी ठेवून जेवायला लागले. त्यांना उपाशी कसं उठवायचं? बायांनी त्यांना उधार जेवू घातलं आणि मंडळानं बायांना उधार ज्वारी दिली. पोस्टातलं खातं रिकामं होत आलं. तुम्ही रोज दुपारी पेटी उघडून मोजायचा, चिंचोके मोजायचा, आणि परत बंद करायचा. मी त्या दिवसांत गरोदर होते, धाकट्याच्या वेळी. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, त्यातच वही लिहायची, त्यातच पीठ मळायचं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. पण ते होतं, म्हणून लिहिते.

वर्षाची सभा त्या उन्हाळ्यात भरली. मी ओट्यावर बसून जमाखर्च वाचते आहे. वहीप्रमाणे पेटीत एवढे हवेत, असं वाचते आणि अध्यक्षबाई पेटी उघडून मोजते. दोनशे सत्तर रुपये कमी येतात. परत मोजते. तेवढेच कमी. मग मागून एक आवाज येतो की सात पाहुणे दोन महिने काय खात होते ते विचारा. तुम्ही उभ्या राहता. पदर खांद्यावरून ओढून घेता आणि म्हणता, “पेटीमा जितला पैसा शेतस, तितलाच मन्हा ध्यानमा शेतस.” काही बाया हसतात. ध्यानातला हिशेब, चिंचोक्यांचा हिशेब. तुम्ही त्यांच्याकडे बघत नाही. तुम्ही माझ्याकडे बघता. सगळ्याच माझ्याकडे बघायला लागतात. मी वहीची पानं उलटते, वरून खाली आकडे पुन्हा मिळवते, प्रत्येक पानाची बेरीज बरोबर येते. मी म्हणते, “आत्याबाई, वहीत तसं नाही.”

तुम्ही किती वेळ उभ्या होता ते मला सांगता येणार नाही. ओट्याखाली कोणाची तरी शेळी बांधलेली होती, ती ओरडत होती, तेवढं आठवतं. तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, वहीकडे नाही. मग म्हणालात, “वहीमा शे ना, मंग वहीच खरी.” आणि कमरेची किल्ली सोडून माझ्यापुढे ठेवलीत. दोनशे सत्तर रुपये आठ दिवसांत भरते, असं सांगितलंत आणि घरी चालत निघालात. त्याच सभेत मला खजिनदार केलं. अध्यक्षबाई म्हणाली की लिहिणारीच बरी, आणि कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. घरी आल्यावर माझ्या नवऱ्यानं, तुमच्या मुलानं, तुम्हाला एकदाच विचारलं, पैसे कुठे गेले? तुम्ही माहीत नाही म्हणालात. तो आठ दिवस तुमच्याशी बोलला नाही. त्याचं ताट मी वाढत होते.

तुम्ही पितळेची दोन मोठी पातेली आणि तांब्याचा हंडा मोडीत घातलात. वीस माणसांचं वरण एका वेळी ज्यात शिजायचं ती पातेली. त्यानंतर दोन खेपांत स्वयंपाक करावा लागे. पहिली खेप उतरली की भांडं घासायचं, परत चढवायचं. जेवणारे खोळंबायला लागले, मग चाळीसाचे पंचवीस झाले. मी तुम्हाला मदत करत होते, पण लवकरच कापडबाजारातल्या एका पेढीवर हिशेब लिहायच्या कामाला लागले. घरात पैसा हवाच होता. मंडळाची खजिनदार म्हणून माझी ओळख झाली होती, तीवरच ते काम मिळालं. हेही लिहायला हवं.

त्या पेढीवर एक म्हातारे मेहताजी होते. एकदा माझा मेळ अठरा रुपयांनी चुकला आणि मी सकाळपासून शोधत बसले होते. ते त्यांच्या गादीवरून गुजरातीत म्हणाले, बेन, फरकाला नवानं भाग जातोय ना, मग कुठेतरी दोन आकडे उलटसुलट लिहिले असतील, बेरजा करत बसू नका, उतरवलेले आकडे बघा. चार मिनिटांत चूक सापडली. मी त्यांना हात जोडले, डबा खाल्ला, आणि पाणी पिताना मला दोनशे सत्तर आठवले. नवानं भागले. तीस आले. बाकी काही उरली नाही. त्या दुपारी मी पोटात दुखतंय असं सांगून घरी आले. पेढीजवळच्या सहारा दरवाज्यापासून उधन्यापर्यंत बस सोडून चालत आले, कारण थांब्यावर उभं राहवेना.

तुम्ही चुलीपाशी होता, दुसरी खेप चढवलेली. मी ट्रंकेतून जुनी वही काढली. प्रत्येक पानाची बेरीज बरोबरच होती, ती मी सभेत करून बघितलीच होती. बघितलं नव्हतं ते दोन पानांच्या मधलं. एका पानाच्या तळाला जमेची बेरीज चारशे एकाहत्तर, माझ्या अक्षरात. उलटलं तर पुढच्या पानाच्या डोक्यावर, मागील पानावरून, सातशे एकेचाळीस. तेही माझ्याच अक्षरात, ठसठशीत, खाडाखोड नाही. पेटीतून एक पैसा गेला नव्हता. तुमच्या डब्यातला एकेक चिंचोका खरा होता. वर तुम्ही भरलेले दोनशे सत्तर रुपये मंडळाच्या पेटीत जास्तीचे पडून होते, आणि किल्ली माझ्या कमरेला होती. तुम्ही मान न वळवता विचारलंत, “काय धुंडी राहिनी?” मी म्हटलं, काही नाही, पेढीची एक पावती. तुम्ही म्हणालात, पोटात दुखतंय तर ओवा घे. माझ्या पोटात दुखतंय हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. मी हात पोटावर धरून आले असेन. तुम्ही माझ्याकडे कधी बघितलंत?

उद्या सांगू असं ठरवलं. उद्या जेवणाऱ्यांची गर्दी होती. मग मंडळाची सभा जवळ आली, त्यात सांगू म्हटलं, आणि सभेत रॉकेलचाच विषय चालला. मग वाटायला लागलं की इतके दिवस का नाही सांगितलं हे आधी सांगावं लागेल. पेढीवर कळलं तर पेढी सुटेल. नवऱ्याला कळलं तर काय, हे डोळ्यांपुढे आणवेना. प्रत्येक महिन्याला पेटी मोजताना ते दोनशे सत्तर माझ्या बोटांखालून जात होते. मी कागदावर मेळ बसवत होते, कारण वहीप्रमाणे तो बसतच होता. तपासणारा ऑडिटर मंडळाचं काम जवळजवळ फुकट करायचा, पेटी आणि वही जुळली की सही. आणि तुम्ही दोन खेपांत वरण शिजवत होता. तुमची मनगटं सुजायची, रात्री तेल लावून फडकं बांधायचा, मी ते बांधून देत होते. बांधताना तुम्ही मला काही विचारलंत तर बरं होईल, असं वाटायचं. तुम्ही पेढीवर आज काय झालं ते विचारायचा.

तुम्ही गेलात ते अवघ्या तीन दिवसांच्या तापानं. दवाखान्यात न्यायला रिक्षा दारात आणली तेव्हा तुम्ही मला सांगितलंत की कोपऱ्यातल्या चाळीतल्या त्या दोघा भावांची बाकी सोडून दे, त्यांचा माग बंद आहे. शेवटचं बोलणं हेच. हिशेबाचंच. मी कान लावून बसले होते की आणखी काही म्हणाल. तेव्हापासून उलटसुलट चाललेलं आहे माझं. तुम्हाला त्या ओट्यावरच कळलं होतं का, की चूक सुनेची आहे, आणि पोटुश्या पोरीला चार बायांत उघडं पाडायचं नाही म्हणून तुम्ही किल्ली सोडलीत? की तुम्हाला खरंच वाटलं की लिहिलेलं कधी चुकत नाही, आणि मरेपर्यंत तुम्ही स्वतःच्या चिंचोक्यांना दोष देत राहिलात? पहिलं असेल तर मला लाज वाटते. दुसरं असेल तर त्याहून वाईट वाटतं. एक दिवस एक खरं मानते, दुसऱ्या दिवशी दुसरं. त्या सभेनंतर तो चिंचोक्यांचा डबा घरात मला परत दिसला नाही. तुम्ही तो कुठे टाकलात ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

तुमच्यामागे तीन-चार वर्षं मी गप्प राहिले. मंडळ तोवर सावरलं होतं. माग परत सुरू झाले, उधारी बरीचशी वसूल झाली, भाड्याची खोली, दारावर पाटी. जुन्या बाया गावाकडे गेल्या होत्या, नंदुरबारची अध्यक्षबाईही गेली, नव्या आल्या. एकदा पोतं उतरवताना एक बाई दुसरीला हळूच सांगत होती की हिच्याच सासूनं मंडळाचे पैसे खाल्ले होते म्हणे, दुष्काळात. पोत्याआड मी होते. माझा मोठा मुलगा शाळेतून येऊन तिथेच उभा होता, त्यानंही ऐकलं. तो घरी येऊन काही बोलला नाही, आणि त्याच्या न बोलण्यानं मला पुढच्या सभेपर्यंत झोप लागू दिली नाही.

सभेत मी उभी राहिले. जुनी वही नेली होती, दोन्ही पानं उघडून दाखवली, चारशे एकाहत्तर आणि सातशे एकेचाळीस. म्हटलं, त्या वर्षी पैसे कमी नव्हतेच, वहीत चूक झाली होती, माझ्या सासूबाईंनी स्वतःच्या पदरचे भरले, ते मंडळाकडे जास्तीचे आहेत. नवी अध्यक्षबाई भली होती, तिनं लगेच ठराव मांडला की रक्कम घरच्यांना परत करावी. पेटी उघडली, नोटा मोजल्या, माझ्याकडून सही घेतली. ते पैसे मी घरी आणले. त्यातून काय करावं याचा मी आठवडाभर विचार केला आणि तेवढ्यात मुलांच्या फीचे, किराण्याचे दिवस आले. महिन्याभरात संपले. पातेली परत आणावीत असं मनात होतं, पण तोवर खाणावळ बंद झाली होती, आणि भाव विचारायलाही मी गेले नाही.

हा कागद मी फाडीन किंवा राहू देईन, अजून ठरलेलं नाही. तुमच्याकडे पोचवायची सोय तर नाहीच. पण त्या सभेतलं एक राहिलं आहे. नोटा मोजत असताना अध्यक्षबाई हळहळून म्हणाली, “बिचारीला लिहिता-वाचता येत नव्हतं, मग असं व्हायचंच.” सगळ्यांनी माना हलवल्या. त्या वर्षी वही कोण लिहायचं हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं, आत्याबाई, सगळ्या नव्या होत्या. मी सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात कोणीतरी चहाचा कप पुढे केला, आणि मी तो घेतला.